आकाश मोकळं हवं

दि. ९ मे

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. तुझी तब्येतही बरी असेल, गोदामातल्या धुळीने खोकला वाढला नसेल, अशी आशा.

कोंबडीची सहा पिलं जगली. मास्तरांच्या वर्गात मुलं तुझ्या डिशवरून समुद्रातले मासे बघतात आणि मला येऊन विचारतात, दवाखान्यात मासे का ठेवत नाही. इंटरनेट हल्ली एकदाही गेलेलं नाही.

तुझे तिन्ही मेसेज मिळाले. "तू चौकशीवाल्याला असं का सांगितलंस, एवढंच कळू दे." उत्तर तुझ्या डिशमधून जाऊ नये असं वाटलं. म्हणून हे पत्र. गुरुवारच्या टपालाच्या जीपने येईल, पूर्वी यायचं तसं.

आधी माझा राग सांगते, तो साठून साठून आंबलाय. बारा वर्षं मी सकाळी सात आणि संध्याकाळी पाच वाजता दवाखान्यातल्या वायरलेसचं बटण दाबायचे, आणि खालच्या गावचे डॉक्टर म्हणायचे, "बोला, वरचं गाव." खरखर असायची, पण माणूस असायचा. तू कंपनीचा टी-शर्ट घालून आलास, दवाखान्याच्या छपरावर इंटरनेटची डिश बसवलीस आणि जाताना वायरलेस उचलून जीपमध्ये टाकलास. मी म्हटलं, राहू दे की कोपऱ्यात. तर म्हणालास, "ताई, या भंगाराचं काय लोणचं घालणार आहेस?" आई केवढी हसली. तुझ्या प्रत्येक विनोदाला ती हसायची. मी एखादा केला तर विचारायची, बरं नाही का गं तुला.

पोरांनी छपरावर चढू नये म्हणून तू सगळ्यांना दम भरलास: ही फार नाजूक आहे, हिला काही झालं तर माझी नोकरी जाईल. मला मात्र बाजूला घेऊन सांगितलंस, डिशच्या वर आकाश मोकळं हवं, मध्ये काही आलं की लाइन गेली. आईने फक्त पहिलं ऐकलं होतं.

त्या दुपारी गारा आल्या. मी एका लाकूडतोड्याच्या हाताला पट्टी बांधत होते. तो गेला आणि मागच्या दाराने आई आली, भिजलेली, छातीवर हात धरून. मी तिला खाटेवर निजवलं, हृदयाचा आलेख काढला. इंजेक्शन कपाटात होतं. पण खालच्या डॉक्टरांनी लाइनवरून आलेख बघून हो म्हटल्याशिवाय ते द्यायचं नाही, चुकीच्या माणसाला दिलं तर जीव जातो. आणि लाइन नव्हती. तू शिकवलंस तसा डिशचा आतला डबा बंद केला, दोन मिनिटं थांबले, चालू केला. पुन्हा बंद, पुन्हा चालू. अकरा वेळा. आई छताकडे बोट दाखवत होती. मी म्हटलं, "हो आई, गारा पडताहेत. बोलू नकोस." आणि मोठमोठ्याने तुला शिव्या देत होते. दोन तास. तिने त्या सगळ्या ऐकल्या.

सव्वाचारला ती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर मागच्या भिंतीला शिडी लावलेली. वर गेले. डिशवर आपला कपडे धुवायचा पत्र्याचा टब पालथा घातलेला, त्यावर दगड, आणि दोरीने कठड्याला घट्ट बांधलेला. गारा आल्या की ती रोपांवर, कोंबडीच्या पिलांवर घालायची, तसाच. त्या वयात, त्या गारांत, टब घेऊन शिडी चढली बाई. तुझी नोकरी वाचवायला.

मी टब काढला. खाली आले तर डब्याचा दिवा हिरवा झाला होता.

कोणाला सांगितलं नाही. तुझी वाट पाहून शेवटी आम्हीच तिला निरोप दिला. गारांनी बंद पडलेला घाटरस्ता मोकळा झाल्यावर तू आलास. आईच्या रिकाम्या खाटेपाशी यायच्या आधी दवाखान्यात शिरलास, डब्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "चालू आहे की."

त्या तीन शब्दांसाठी मी महिन्याभराने तुझ्या कंपनीच्या चौकशीवाल्यासमोर खोटं बोलले. म्हटलं, डिश बसवली तेव्हापासूनच कुरबुर करत होती, माझ्या भावाला दोनदा सांगितलं, त्याने लक्ष दिलं नाही. तो लिहून घेत होता आणि मला बरं वाटत होतं. लाज वाटते, पण वाटत होतं.

एवढंच असतं तर मी केव्हाच लिहून मोकळी झाले असते. पण आकाशाचं मला माहीत होतं रे. आईला नव्हतं, मला होतं. दहा पायऱ्यांची शिडी. मी एकदाही वर जाऊन बघितलं नाही, कारण मला खात्री होती की चूक तुझीच आहे. ती तुझीच निघावी असं मला वाटत होतं. आई डोळ्यांसमोर जात होती आणि मी तुझ्याशी भांडत होते.

सोबत खरा जबाब सही करून ठेवलाय. त्या फॉर्मात एक रकाना आहे, "अडथळा कोणामुळे". तो मी दोनदा भरला आणि दोनदा खोडला. आता तिथे आईचं नाव आहे. हा कागद दिलास तर तुझं काम तुला परत मिळेल, आणि कंपनीच्या दप्तरात आई एक चूक म्हणून राहील. फाडलास तर माझ्या खोट्यामुळे तुला टाकलं त्या गोदामातच राहशील. ठरवायचं ओझं तुझ्यावर टाकतेय, तेही मला कळतंय.

टबात मी आता कपडे धुवत नाही. तो छपरावरच पडलाय, डिशपासून चार हात लांब. आभाळ भरून आलं की शिडी चढून वर बघून येते. लाइन चालू असते, तरी जाते.

तुझी,
त्या दिवशी दहा पायऱ्या न चढलेली,
ताई