इंजिनावर फोडलेला नारळ

दसरा, दिवेलागण. चाकूर.

आज ट्रक चालू झाला नसता तर उद्या भंगारात जाणार होता. हिचा शब्द म्हणजे शब्द. तिच्या देवणी गाईचे दिवस भरत आलेत, आणि गोठा तीन वर्षं माझ्या या जुन्या लष्करी ट्रकनं अडवलेला.

परवा तर इंजिन छान गुरगुरलं होतं. मग आज हँडल मारून खांदे भरून आले तरी मुकं का? पाठ कविता ऐन वेळी विसरल्यासारखं. माझंच काही चुकलं?

ही आली. "काल खंडेनवमीचा नारळ कुठं फोडलाव?"

"इंजिनावर. पूजा त्याचीच होती ना?"

"अवो, पाणी आत गेलं असंल की! मास्तर हाव का कोण?"

खरंच, इंजिनाच्या प्लगांना करंट वाटून देणाऱ्या टोपीत पाणी. बोट लावून चाखलं, नारळाचंच. गोड! हिनं टोपी पदरानं पुसली, चुलीपाशी शेकवली. तिसऱ्या हँडलला ट्रक खोकला आणि एकदम तालात बोलायलाच लागला. दहा हातांचं सीमोल्लंघन करून लिंबाखाली आणला. डोळे भरले, खोटं कशाला लिहू?

गाय गोठ्यात बांधून ही परत आली. पदर खोचून शेजारच्या सीटवर चढून बसली.

"रेणापूरच्या देवीपर्यंत जाईल का वो ह्यो?"