घरी जाण्याआधी

३ मार्च
नोकरी मिळाली! गावच्या चौपाटीची राखणदार झाले. झावळ्यांनी शाकारलेली सहा खोपटी, व्हॉलीबॉलची जाळी, दोन झोके, खोकल्यासारखं वाजणारं कराओकेचं यंत्र आणि गोड्या पाण्याच्या तीन न्हाण्या. फाटकाजवळची खोली राहायला. गावप्रमुख कॅप्टन दिओस्दादो म्हणाले, राखणदार परगावचाच लागतो, इथं नातेवाईक नसलेला. मी कारण विचारलं नाही. माझी मायलिन, वय वर्षं नऊ, सध्या शहरात नेनिताताईकडे आहे. पुढच्या रविवारनंतरच्या रविवारी ताई तिला बसमध्ये बसवून देणार आहे. झोके तिच्यासाठी पुसून ठेवले.

७ मार्च
पोहायला येणारे थोडेच. मयतावरून परतणारे मात्र सगळे इथंच थांबतात. रीत आमच्या बेटावरही हीच: मयताहून थेट घरी जायचं नाही, वाटेत कुठंतरी टेकायचं, म्हणजे गेलेला माणूस मागोमाग घरात शिरत नाही. आम्ही बेकरीत थांबायचो. इथले लोक मासा-भात खातात, पाय धुतात, दोन गाणी म्हणतात आणि हलके होऊन निघतात. काल एका सुनेनं सासूला पुरून आल्यावर तीन गाणी म्हटली.

१२ मार्च
भर दुपारी तिन्ही न्हाण्यांत पाणी वाहत होतं. आत कोणी नाही. बाहेर ओल्या पावलांची रांग, ओळीनं, फाटकाकडे तोंड करून. नळ घट्ट बंद केले. खोलीत पोचते तोच पुन्हा सुरू.

१४ मार्च
फाटकाशी मासे भाजणाऱ्या म्हाताऱ्या बासिल्याला शेवटी विचारलंच. निखाऱ्यावर वारा घालत म्हणाली, "अगं, झटकून टाकलेली माणसं जाणार कुठं? सगळं गाव आपापली मेलेली माणसं इथंच टाकून जातं. ती थांबतात, कोणीतरी घरी नेईल म्हणून."
माझ्या मागे का लागत नाहीत, विचारलं.
"तू कुठं घरी जातेस? तुझं घर इथंच."
म्हणून परगावचा हवा होय! आपले आईबाप माझ्या गळ्यात मारले आणि येता-जाता मलाच हसून विचारतात, जेवलीस का. संताप होतो नुसता.
मायलिनला येऊ देऊ नको, हे सांगायला ताईला फोन लावतेय. लागत नाही.

१५ मार्च, रविवार
मायलिन आलीच. विचारत होती, दुसऱ्या झोक्यावर कोण बसलंय? दुपारीच परत पाठवायचं ठरवलं. दहादा बजावलं — बसमधून उतरलीस की बेकरीत थांब, पाव खा, मगच घरी जा. डबा आणायला खोलीत गेले, तेवढ्यात —
बासिल्या म्हणते, कॅप्टन शहराकडे निघाले होते, पोरीला गाडीत घेतलं. पोर बेकरीचं सांगत होती. ते म्हणाले, थेट दारात सोडतो.
थेट दारात.

चार वाजता
न्हाण्या कोरड्या. झोके स्थिर. ओली पावलं फाटकाबाहेर, रस्त्यापर्यंत, सगळी —

साडेपाच
ताईचा फोन. मायलिन पोचली. पण काय गं, म्हणाली, एवढे पाहुणे कशाला पाठवलेस तिच्याबरोबर? बिचारे भिजलेत, पाय धुवायला पाणी मागतायत, आत घेते —
मी नको नको म्हणाले. तिनं ऐकलं की नाही —
पुन्हा लावला. उचललाय. ताई बोलत नाही. मायलिन बोलत नाही. नुसता नळ —