पुळण मोकळी राहावी म्हणून

मी, भामा जगन घरत, वय अडुसष्ट, राहणार गव्हाण, तालुका पनवेल, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता, राजीखुशीने लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे; कोणाला शंका असल्यास डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

कलम १. गव्हाणचे घर माझ्या यजमानांनी मिठागरात राबून बांधले. ते मुलगा हितेश याला द्यावे. दागिने मुलगी भावना हिला. पाटा-वरवंटा सूनबाई निशाला; मिक्सरची चटणी मला कधीच गोड लागली नाही, हे तिला ठाऊक आहे.

कलम २. रेवखार, तालुका अलिबाग येथील घर व वाडी ही माझ्या वडिलांची. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून माझ्या नावावर आली. या मिळकतीबद्दल घरात वाद झाले आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात समुद्राने रेवखारची धूप, म्हणजे किनाऱ्याचा वाळूचा बांध, तोडली. शेजारीण मनिषा पाटील, नवरा नसलेली, दोन मुली पदरात. तिचे स्वयंपाकघर डोळ्यांदेखत पाण्यात गेले. हितेशचा पळस्प्याला बांधकामाचा धंदा आहे. त्याने डंपर लावून दगड आणले आणि दोन्ही घरांपुढे रचले. त्या वेळी तेच करायला हवे होते. त्याबद्दल मी त्याला कधी बोल लावला नाही.

पुढे माघात, कासवांची घरटी राखणारा सुदाम मला सकाळी पुळणीवर घेऊन गेला. कासवीच्या पायांचा माग पाण्यातून वर आला होता, दगडांना लागला होता, आणि दगडांच्या कडेकडेने पार टोकापर्यंत गेला होता.

"जागा शोधत फिरली, ताय," सुदाम म्हणाला. "वर चढायला वाटच नाय."

शेवटी तिने भरतीच्या ओल्या वाळूतच अंडी घातली होती. सुदामने ती काढून वर कुंपणात पुरली, पण अंड्यांत आधीच पाणी शिरले होते. एकही पिल्लू निघाले नाही. शिवाय दगडांपुढची वाळू खचू लागली, आणि दगड संपतात तिथे पलीकडची धूप तुटू लागली.

मी हितेशला दगड उचलायला सांगितले.

"आई, दगड काढले तर पुढच्या पावसात घर जाईल."

"मग घर मागे घेऊ."

"घर काय खाट आहे का, सरकवायला?"

मी सरकवले. गेल्या उन्हाळ्यात कौले उतरवली, वासे सोडवले, आणि वाडीत मागे घर उभे केले. त्यासाठी बाबांनी लावलेल्या सुपाऱ्या तोडाव्या लागल्या. त्या दिवशी मला जेवण गेले नाही. माझ्यापुढचे दगड हितेशनेच यंत्र आणून उचलले. तोंड फुगवून, पण उचलले.

कलम ३. हे मागचे घर भावना व हितेश यांनी सारखे वाटून घ्यावे. पुढची मोकळी जागा विकू नये, तिथे भिंत, कॉटेज, हॉटेल काही बांधू नये. तिथे लावलेली मर्यादवेल उपटू नये. ती वाळू धरते. समुद्र आणखी आत आला तर आणखी मागे जावे.

कलम ४. पावसाळ्यात धोका वाटल्यास वाळूच्या गोण्या जरूर लावाव्यात. माणसांना पाण्यात ढकलून कासवे राखा, असे मी म्हणत नाही. मात्र दिवाळीपर्यंत गोण्या हलवून पुळण मोकळी करावी. त्यानंतर कासवी वर येऊ लागतात.

कलम ५. या मृत्युपत्राची अंमलबजावणी हितेशने करावी. दगड आणणाऱ्याला दगड नेण्याची वाटही ठाऊक असते. तो चिडतो, पण दिलेला शब्द मोडत नाही.

कलम ६. मनिषापुढचे दगड अजून तिथेच आहेत. मी काढायचा विषय काढला तेव्हा ती म्हणाली, "तुला गव्हाणला घर हाय, भामाताय. माजी चूल पाण्यात गेली. तुज्या कासवीला सांग, माज्या पोरींना घर दे." म्हणून वाडीतली विहिरीकडची पट्टी तिला देऊ केली. तिने दार लावून घेतले. "उपकार नको तुजे," एवढेच आतून ऐकू आले. तेव्हापासून बोलणे बंद आहे.

तरी ती पट्टी, विहिरीच्या पाण्याच्या हक्कासह, मी मनिषा पाटील हिला देते. तिथे तिचे घर हितेशने बांधून द्यावे. माझ्या बँकेतल्या ठेवी त्याच कामासाठी आहेत. तिच्या नव्या घरावर छप्पर चढेपर्यंत तिच्यापुढच्या एकाही दगडाला हात लावू नये. चढल्यावर एकही ठेवू नये.

हे कलम तिला समोर बसवून, मोठ्याने वाचून दाखवावे. जिवंत भामाला तिने दारातून परत पाठवले. आता कोणाला पाठवील?

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणेच आहे, म्हणून साक्षीदारांसमोर सही करते.

सही: भामा जगन घरत

साक्षीदार:
१. गुरुदत्त हरिश्चंद्र ठाकूर, राहणार गव्हाण
२. नीता रमाकांत म्हात्रे, राहणार नेरे

स्थळ: पनवेल
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२५