मृण्मयीची खोली, अकोला

४ जानेवारी
निवृत्तीला आज सहा महिने झाले. कादंबरी यंदा संपवायचीच. डेडलाइन ३१ मार्च. अकरा वर्षं पहिल्याच वाक्यावर अडलोय, पण तो आळस नाही, प्रामाणिकपणा आहे. वाक्य असं: 'मृण्मयी खिडकीशी उभी होती.' आता खिडकी कुठल्या भिंतीला हेच ठरलं नसेल तर पुढे कसं जायचं? सामान्य लेखक जातात.
माझा सिद्धांत: माणसाचं वर्णन करायचं नाही, त्याची खोली मांडायची. खोली नीट मांडली की माणूस आपोआप उभा राहतो.
साधनाला हे वाचून दाखवलं. ती ब्लाउज शिवत होती. म्हणाली, "ते बॉबिन सरकवा जरासं इकडं." मोठे विषय तिला झेपत नाहीत.

५ जानेवारी, सकाळी ७
निर्णय झाला. खरीखुरी खोली भाड्याने घ्यायची, अकोल्यात. मृण्मयी अकोल्याचीच. चौतीस वर्षांची, ग्रंथपाल, एकटी, खोल स्वभावाची. शिवाय इथे अमरावतीत, राजापेठेत घेतली तर चार लोक विचारणार. साधनाला म्हणालो, अकोल्याला एक काम आहे. काम आहेच. खोटं बोललो नाही.

८ जानेवारी
खोली मिळाली! मालक गयासुद्दीनभाई. खाली त्यांचा गाद्या-रजयांचा कारखाना, बाजूच्या जिन्याने वर गेलं की ही खोली. खिडकी गल्लीकडे, पूर्वेला. अकरा वर्षांचा प्रश्न दोन मिनिटांत सुटला.
राहणार कोण, असं त्यांनी विचारलं. म्हणालो, एक बाई, एकटी. तुमच्या कोण लागतात? म्हणालो, माझीच आहे. (लेखकाचं पात्र लेखकाचंच.) गयासुद्दीनभाईंनी बायकोकडे पाहिलं. फरजानाभाभी म्हणाल्या, "भईन असन." मी गप्प बसलो. कला समजावत बसायची ती वेळ नव्हती. फॉर्मवर दोन मोबाइल नंबर पाहिजे होते, दुसरा साधनाचा टाकला.

१३ जानेवारी
सामान लावलं. खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली, म्हणजे जगाशी अबोला. टेबलावर सात पाकिटं, न उघडलेली, म्हणजे भूतकाळ. कोपऱ्यात मडक्यात वाळलेल्या पऱ्हाटीच्या काड्या. कापूस वेचून झाल्यावर शेतात उरतं ते झाड. केवढं प्रतीक! फरजानाभाभींनी काड्या पाहून विचारलं, "चुलीले आनल्या का?"
चपला दाराकडे तोंड करून ठेवायच्या होत्या, म्हणजे पळून जायची ओढ. दुकानदार म्हणाला, नंबर सांगा. मृण्मयीचा नंबर मी ठरवला नव्हता. साधनाचा आठवून पाहिला, आठवेना. एकतीस वर्षांचा संसार, असले बारीकसारीक तपशील डोक्यात राहत नाहीत. सहा नंबर घेतल्या.
खुंटीला साड्या पाहिजेत. साधनाच्या कपाटात तळाशी तीन आहेत, ती नेसतच नाही. पुढच्या खेपेला नेतो.

१९ जानेवारी
साड्या आणल्या, खुंटीवर टांगल्या. गल्लीतून पाहिलं की खिडकीत हिरवी दिसते. अप्रतिम.
फरजानाभाभी वर आल्या. खोलीत बादली नाही, दोरी नाही, मिठाचा डबा नाही, आणि आरसा एवढा वर की बाईला त्यात फक्त भिंत दिसेल, असं त्यांचं म्हणणं. आरसा माझ्या उंचीने लावला होता, हे खरं. म्हणाल्या, "ही बाई जेवत नाई का?" मी सांगितलं, ती विचारांवर जगते. तर म्हणाल्या, "बिमार हाय का मंग?"
संध्याकाळी बघतो तो खोलीत बादली, दोरी आणि लिंबाचं लोणचं. तिन्ही जिन्यात ठेवून आलो. लोणचं थोडं खाल्लं. टेस्ट म्हणून.

२२ जानेवारी
बादली परत खोलीत.

२७ जानेवारी
फार मोठी गोष्ट घडली. मृण्मयी जिवंत झाली!
समोरच्या घरात वरच्या मजल्यावर नत्थुजी राहतात. एसटीतले निवृत्त कंडक्टर, बायको वारून सहा वर्षं झाली. त्यांनी गयासुद्दीनभाईंना विचारलं म्हणे की वर राहायला आलेल्या बाई कोण. "एवढी चुपचाप बाई या गल्लीत पयल्यांदा आली. ना टीव्ही, ना फोन, ना कोनाशी भांडन."
फरजानाभाभींची तर खात्रीच आहे. त्या दाराशी डबा ठेवतात आणि डबा रिकामा होतो. बाईला रात्रपाळी असेल, दिवसा झोपत असेल, असं त्यांनी ठरवून टाकलंय. (डबा मी खातो. वांग्याची भाजी फार चांगली करतात.)
एक ओळही न लिहिता पात्र गल्लीभर पोचलं. हे कुणाला जमलंय? पहिल्या वाक्याला आता घाई नाही.

२ फेब्रुवारी, दुपारी ४, बसमध्ये
अक्षर वाकडं येतंय, रस्ता खराब आहे म्हणून.
नत्थुजींनी मला जिन्याखाली गाठलं. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. म्हणाले, "भाऊ, रागाऊ नका. तुमच्या भईनीबद्दल बोलाचं होतं." मग स्वतःचं सांगितलं: उमर साठ, पेन्शन आहे, मुलगी नांदते, दारू नाही, तंबाखू सोडतो. म्हटलं, बाईंना पाहिलंय का? नाही पाहिलं, पण घर पाहिलं, खिडकीतून. "ज्या बाईच्या चपला अशा सरळ राह्यतात, त्या बाईचं मन सरळच असन."
चपलांचा अर्थ पळून जायची ओढ असा आहे. साफ चुकीचं वाचन. पण वाचन तर आहे!
खरं सांगायला तोंड उघडलं होतं. बाहेर आलं ते, "विचारून सांगतो."
मूर्तिजापूरला बस थांबली, समोसा घेतला, खाववेना. कंडक्टर माणूस! मृण्मयीला काय कळणार त्याचं? आणि मला न विचारता ती हो म्हणाली तर?

३ फेब्रुवारी
कालचं शेवटचं वाक्य खोडायचं आहे. ताप असावा.
साधनाने विचारलं, माझ्या तीन साड्या दिसत नाहीत. म्हणालो, ड्रायक्लीनला. ती म्हणाली, "सुती साड्या? ड्रायक्लीनले?" मी पेपर वाचायला घेतला.

६ फेब्रुवारी
उपाय सापडला. दुकानातून एक फोटोफ्रेम घेतली, नमुन्याचा फोटो आत होताच. कोट घातलेला तरुण, कपाळ मोठं. खिडकीतून दिसेल असा टांगला. अर्थ स्पष्ट आहे: हिच्या आयुष्यात कुणीतरी आहे. नत्थुजी समजायचं ते समजतील.

८ फेब्रुवारी
नत्थुजी समजले की बाई विधवा आहे. फोटोला हार पाठवला, सोबत पेरू. निरोप असा, "आपलं दुख सारखंच हाय. घाई नाई." फरजानाभाभींनी डोळे पुसत हार घातलाही.
पेरू गोड निघाले. पण तत्त्वाचा प्रश्न आहे.

९ फेब्रुवारी
कठोर निर्णय. लेखकाला प्रसंगी निर्दय व्हावं लागतं. गयासुद्दीनभाईंना सांगितलं, बाईंची बदली झाली, काल गेल्या. त्यांनी विचारलं, गेल्या कोणत्या वेळी? दिवसभर तर ते जिन्याच्या तोंडाशीच कापूस पिंजत होते. "अन् सामान? साड्या, चपला सारं इथंच. अनवानी गेली का बाई?"
मी म्हणालो, ती तशीच आहे. माझा आवाज जरा चढला असेल.
फरजानाभाभी वांगी चिरत होत्या. चिरायच्या थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "आपन तिले एकदाबी पाह्यलं नाई जी." तिघंही माझ्याकडे बघायला लागले. तिसरे नत्थुजी, कधी आले कळलंच नाही. ते म्हणाले, "भाऊ, बाईचं काय केलं तुमी?"
साडेतीनची बस धरली. पळालो नाही, बसचीच वेळ झाली होती.

१० फेब्रुवारी
साधनाला फोन आला. फॉर्मवरच्या नंबरवर. नत्थुजींनी विचारलं, तुमची नणंद घरी पोचली का. ती म्हणाली, "मले ननंद नाई. हे एकुलते एक हायेत." मग ती बराच वेळ नुसतं ऐकत होती. शेवटी विचारलं, "हिरवी साडी हाय का तिथं?"
फोन ठेवला. पर्समध्ये पाण्याची बाटली टाकली. म्हणजे उद्या अकोला.

११ फेब्रुवारी, अकोला
बसमध्ये साधना खिडकीशी, मी शेजारी.
खोलीत सगळे जमले. मी उभं राहून सिद्धांत मांडला. शांतपणे, मुद्देसूद. पहिलं वाक्यही म्हणून दाखवलं. कुणीच टाळी वाजवली नाही.
नत्थुजी म्हणाले, "म्हंजे बाईच नाई?"
म्हणालो, आहे, पण कादंबरीत. त्यांनी विचारलं, कादंबरी कुठे आहे. म्हणालो, लिहायची आहे.
ते भिंतीकडे तोंड असलेल्या त्या खुर्चीत बसले. आमच्याकडे पाठ. मानेवर पावडरचा ठिपका राहिला होता. मग म्हणाले, "मी मुलीले सांगतलं होतं जी." बस्स, एवढंच. मला तेव्हा छातीत कसंतरी झालं. ॲसिडिटी.
गयासुद्दीनभाई त्यांना हात धरून खाली घेऊन गेले, चहा द्यायला.
साधना खुंटीवरच्या साड्या काढून घडी घालत होती. मला वाटलं, आता रडेल किंवा मारेल. तिने विचारलं, किती दिवस चाललंय हे? म्हटलं, पाच आठवडे. "अन् मी समजून राह्यली होती, तुमी कोनत्या डाक्टरकडं जाता. कॅन्सर-गिन्सर लपवता म्हनून. म्या नवस बोलला, भगवंतराव." तिने मला नावाने हाक मारली. लग्नानंतर पहिल्यांदाच बहुतेक.
मी पाण्याची बाटली पुढे केली. तिने घेतली नाही.
फरजानाभाभींनी तिला जेवायला थांबवलं. मला कुणी थांब म्हटलं नाही, जा पण म्हटलं नाही. जिन्यात बसलो.
चार वाजता साधना बाहेर आली. म्हणाली, ती दोन दिवस इथेच राहणार आहे. उजेड चांगला आहे.

१६ फेब्रुवारी, अमरावती
दोन दिवसांचे पाच झाले. आज टेम्पोवाला येऊन शिलाई मशीन घेऊन गेला. गल्लीतल्या बायकांचे ईदचे कपडे शिवायला मिळालेत, फरजानाभाभी मापं घेतात. हे सगळं मला टेम्पोवाल्याकडून कळलं.
रुसवा आहे. चार दिवसांत निवळेल.

२५ फेब्रुवारी
अकोल्याला जाऊन आलो. पऱ्हाटीच्या काड्या जाळून साधना आणि फरजानाभाभींनी चहा केला. सात पाकिटांच्या पाठीवर गल्लीतल्या सात बायकांची मापं लिहिलीत. खुर्ची वळवली. साधना हसत होती, जिन्यापर्यंत ऐकू आलं, मी आत गेल्यावर थांबली. पात्राच्या दृष्टीने सगळंच विसंगत, पण मी बोललो नाही.
नत्थुजी भेटले. मी माफी मागायचं ठरवलं होतं. ते म्हणाले, "ती कादंबरी लिवा भाऊ. बाई चांगली होती." माझी बसची वेळ झाली होती.

३ मार्च
नवा संकल्प. मृण्मयी रद्द. नायक पुरुष, लेखक, खोली माझीच. प्रवास नाही, खर्च नाही. सकाळपासून टेबलाशी बसून नोंदी घेतोय.
अकरा वाजता बेल वाजली. रुख्मिणीबाई म्हणून कोणी, तिवसा इथल्या. मुलगी अन् भाची इथे कोचिंगला आल्यात, राजापेठेत खोली शोधताहेत. माझ्या खांद्यावरून आत डोकावून म्हणाल्या, "ही रिकामी दिसते."
म्हणालो, इथे एक लेखक राहतात. त्या म्हणाल्या, ते आले की विचारून ठेवा. मी म्हणालो, मीच. त्यांनी पुन्हा आत पाहिलं. नंबर ठेवून गेल्या.
साधनाला फोन लावला, हसेल म्हणून. पाठीमागे मशीनचा आवाज. म्हणाली, "देऊन टाका मंग त्या पोरीईले. तुमाले एक कॉट अन् पंखा, अजून काय लागते?" तू कधी येतेस, असं विचारलं. म्हणाली, ईदचं काम होऊ द्या. ईद एप्रिलात. मग लग्नसराई.

५ मार्च, दुपार
पोरींसाठी खोली रिकामी करायला हमाल येऊन गेले. टेबल दारातून निघेना, पाय काढावे लागले. ड्रॉवर रिकामे होते, म्हणून उचलायला हलकं गेलं.
यावर काय लिहिता, असं त्यांनी विचारलं नाही. मी उत्तर तयार ठेवलं होतं.