नटावरची रेघ

ता. ४ डिसेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

गाडीचा डिझेलपंप गेला, पंप गेला, हेच तू दर पत्रात लावलंयस. तू म्हणजे वहिनीनं, तुझ्या नावावर. अरे, पंप गेला असता तर गाडी दिवसभर चालली असती का? तूच कळवतोस की पहाटे सुरू होत नाही, उजाडलं की होते, आणि मग दुधाच्या भरलेल्या कॅनसकट चढ चढते, संध्याकाळपर्यंत कुरकुर नाही. ज्याचं काळीज गेलं तो दुपारी कुस्ती खेळत नाही.

तुमचा तो गॅरेजवाला पंप उतरवा म्हणतोय, म्हणजे कुणाचा तरी जुना पंप रंग मारून ठेवला असणार त्यानं. त्याला बॉनेटला हात लावू देऊ नकोस. आणि राग येऊ देऊ नकोस, पण मला तुझाही संशय येतो. डेअरीची पहाटेची खेप हातची सुटली की पिकअप विकायला निमित्त मिळेल, असं तर तुझ्या डोक्यात नाही ना? विकायची असेल तर सरळ सांग.

इथे यार्डातल्या मिस्त्रींना विचारलं. ते म्हणाले, आधी धूर बघायला सांग. तू सेल्फ मारताना कुणीतरी सायलेन्सरमागे उभं राहायचं. पांढरा धूर आला तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही, मग हीटर प्लग बघायचे. धूरच नाही आला तर डिझेल पोचतच नाही. मग फिल्टरवरचा हातपंप कडक होईपर्यंत मार आणि पुन्हा सेल्फ मार. सलग मारत बसू नकोस, बॅटरी बसेल.

काय झालं ते स्वतःच्या हातानं लिही. संशय घेतो म्हणून लोभ कमी करू नकोस.

तुझा धाकटा


ता. १२ डिसेंबर

चि. भाऊजींस अनेक आशीर्वाद.

तुमचं पत्र वाचून दाखवलं. कुस्तीच्या ओळीला हे हसले, संशयाच्या ओळीला ताट सरकवून उठले. म्हणाले, ज्याला नाक पुसायला मी शिकवलं तो आता मला धूर बघायला शिकवतोय.

पण तुम्ही सांगितलं तसं केलं. मागे मी उभी राहिले. धूर नाही, पांढरा नाही की काळा नाही. हातपंप मऊ लागत होता, नुसता पोकळ. ह्यांनी बराच मारला तेव्हा कडक झाला आणि गाडी पटकन लागली. तोवर चांगलं उजाडलं होतं. डेअरीतून निरोप आलाय, असाच उशीर होणार असेल तर पहाटेची खेप दुसऱ्या गाडीला देऊ म्हणून. देतात तर देऊ देत, असं मला वाटतं. ह्यांना वाटत नाही.

ह्यांचे हात कायम ग्रीसचे, म्हणून पत्र मी लिहिते. माझ्या नावाखाली सही मात्र ह्यांचीच आहे. थंडीत कान झाकत जा. सतत शिंकणारा जावई कुणी पसंत करत नाही. माया आहे तशीच ठेवा.

तुमची वहिनी


ता. २० डिसेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

हातपंप मऊ म्हणजे नळीत हवा. रात्री हवा शिरते आणि डिझेल मागे टाकीत उतरतं. फिल्टरवर जी नळी येते तिचा नट बघ. सैल असणार. पान्यानं आवळ, आणि मग नटावरून फिल्टरच्या अंगावर एक आडवी रेघ ओढ. वहिनीचं नेलपॉलिश चालेल. इथे सगळ्या मशीनवर आम्ही अशी रेघ ओढतो. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते. हादऱ्यानं नट सैल होतो, पण चालत्या गाडीत. उभ्या गाडीत रात्री रेघ तुटली तर तिथे माणसाचा हात लागलाय, हे समजून जा.

हात कुणाचा, ते मला इथे बसून दिसतंय. शेजारचा दुधाचा टँकरवाला. तुझी खेप सुटली तर पहिली उडी तोच मारणार. त्याच्यावर डोळा ठेव.

आणि वहिनी, ही ओळ गाळू नकोस. खालची सही दादाची म्हणतेस, पण ती ओळ सोडून तुझ्याच अक्षरांवर चढलीय. शाळा बुडवल्याच्या चिठ्ठ्यांवर मी दादाची सही इतक्या वेळा ठोकलीय की मला ती त्याच्यापेक्षा चांगली येते. ही तशीच ठोकलेली वाटते. घरात काय लपवताय? खरं काय ते कळवा, लोभ आहेच.

तुमचा धाकटा


ता. २९ डिसेंबर

चि. भाऊजींस आशीर्वाद.

हे पत्र मी ह्यांना वाचून दाखवलेलं नाही.

रेघ तुटली. टँकरवाल्याला नावं ठेवू नका, त्या बिचाऱ्यानं दोनदा स्वतःची बॅटरी लावून दिली. नट मी सैल करते. रोज संध्याकाळी. उजाडलं की नळी पुसायच्या निमित्तानं मीच आवळते, मग हे हातपंप मारतात. फिल्टरमधली हवा कशी काढायची ते जाण्याआधी तुम्हीच दाखवलं होतंत. घालायला तर त्याहून सोपी.

सहीही ह्यांचीच होती. ह्यांना ओळ दिसत नाही. दिवसा निभावून नेतात, पण अंधारात समोरून दिवा आला की सगळं पांढरं होतं. थंडी सुरू झाली तेव्हा एकदा पहाटे मी सोबत गेले होते. पुढे सायकलवर माणूस होता. मी स्टिअरिंगला हात घातला म्हणून तो वाचला. खड्ड्यात पडला, उठला, शिव्या देत राहिला. आणि हे मला विचारतात, “कोण होतं गं?”

डॉक्टरचं नाव काढलं की लायसन्स जाईल म्हणतात. भांडून झालं, रडून झालं, मग पाना घेतला. आता तुटलेली रेघ बोटानं चाचपून हे टँकरवाल्याच्या अंगावर जायला निघालेत. तुमच्या पत्रामुळे. तुमचं उत्तर येईपर्यंत थांबा म्हणून मी ह्यांना कसंबसं थांबवलंय. तेव्हा काय लिहायचं ते लवकर लिहा.

तुमची वहिनी


ता. ५ जानेवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

वहिनी वाचत असताना मध्येच उठू नकोस.

टँकरवाल्याशी भांडू नकोस. चूक माझी. थंडीत नेलपॉलिश आपोआप तडकतं, हे मला मिस्त्रींनी नंतर सांगितलं. खरा दोष नटाखालच्या वायसरचा. ते जुनं झालंय, गारठ्यात आखडतं आणि हवा घेतं. अशी गाडी उजाडल्याशिवाय काढायची नसते. पहाटेची खेप टँकरवाल्याला दे, आणि त्याची दुपारची तू माग. तो देईल.

वहिनी, नवीन वायसर मी पाठवत नाही. सध्या चाललंय तसंच चालू दे.

आता दुसरं. माझा स्वभाव संशयी, हे तूच सगळ्यांना सांगतोस. तर माझा संशय असा की तुला अंधारात दिसत नाही. मला कुणी कळवलेलं नाही, तुझ्या सहीवरून सांगतोय. आमच्या क्रेनवाल्याच्या डोळ्यावर असंच जाळं आलं होतं. काढलं, आणि तो परत क्रेनवर बसला. लायसन्स डॉक्टर घेत नाही दादा. गाडीखाली माणूस मेला की जातं, आणि नुसतं लायसन्स जात नाही.

मी खोटा असेन तर डॉक्टरकडून तसं लिहून आण. आयुष्यभर मला चिडव, मी ऐकून घेईन. रागावलास तरी लोभ सोडू नकोस.

तुझा धाकटा

ता. क. मनिऑर्डर केली आहे. पंपासाठी नाही, डोळ्यांसाठी. रुपये साडेचार हजार.