सफरचंदी हिरवा

४ डिसेंबर २००३, नारायणगाव

पोचले एकदाची! जीपमध्ये टोमॅटोच्या रिकाम्या क्रेटांशेजारी पाय दुमडून बसले होते, तरी मन हलकं होतं. पुण्याच्या इस्पितळातून निवृत्त झाल्यावर इथल्या दवाखान्याच्या लॅबमध्ये कामाला आले, आणि तो वास आज पुन्हा भेटला. पेशंटच्या शरीरातला कण काचेवर घेऊन रंगवायचा, हेच माझं आयुष्यभराचं काम. इथले डॉक्टर रत्नदीप माझ्या लेकीच्या वयाचे, मला मावशी म्हणतात. राहायला वरची खोली आहे, खिडकीतून द्राक्षांचे मांडव दिसतात. नाताळात अश्विनी नाशिकहून श्रेयाला घेऊन येईल. नात आल्याआल्या माझं बोट धरते, ते झोपेपर्यंत सोडत नाही.

८ डिसेंबर

जुन्नरच्या एका गृहस्थांच्या पोटातली चरबी तपासायला आली. डॉक्टरांना अमायलॉइडचा संशय आहे. या आजारात प्रथिनाची घडी चुकते, त्याचे धागे होतात आणि ते अवयवांत साचत जातात. त्यांना काँगो रेडच दाखवतो. धागे ओळीने उभे असले की हा लाल रंग त्यांच्या फटींत शिरून घट्ट बसतो. बाकी सगळीकडून धुऊन जातो. मग मायक्रोस्कोपच्या दोन खास काचा एकमेकींवर आडव्या फिरवायच्या, की लालाचा कच्च्या सफरचंदासारखा हिरवा होतो. मला नेहमी शाळेची प्रार्थना आठवते. निळे फ्रॉक, सरळ ओळी, आणि मधून फिरणाऱ्या सिस्टर अ‍ॅग्नेस.

ताडून पाहायला निरोगी चरबीही लागते. पुण्यात आम्ही हसतहसत स्वतःचीच द्यायचो. इथेही मीच दिली.

चहा आला. लॅब झाडणारी शकुबाई पदरात पेला धरून उभी. मी तो नुसत्या हाताने घेतला. ती ओरडलीच, "बाई, तुमचं हात हायेत का सांडशी?" सगळे हसलो.

१० डिसेंबर

गृहस्थांची काच स्वच्छ. माझी हिरवी.

धुण्यात कसर राहिली असणार. रंग ओतून दिला, नवा केला. पुन्हा तेच. डॉक्टर म्हणाले, मावशी, चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असेल. माझ्या हातून कधी झाली नाही.

१२ डिसेंबर

डॉक्टरांनी आपली चरबी दिली, माझी पुन्हा घेतली, रंगवलंही स्वतःच. त्यांची स्वच्छ. माझी हिरवी. बोटं कधीपासून बधिर आहेत, असं त्यांनी हळूच विचारलं. दसऱ्यापासून, मी म्हटलं. मला ते वय वाटलं होतं. सोमवारी पुण्याला मोठ्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं.

रडू आलं नाही. काहीच वाटलं नाही.

१४ डिसेंबर

काच पुन्हा पाहिली. हिरवा चरबीच्या कडेबाहेर, कोऱ्या काचेवर गेलाय. मेलेलं, सुकलेलं मांस वाढत नाही. कडेला हिऱ्याच्या पेन्सिलीने रेघ मारून ठेवली.

१५ डिसेंबर

रेघ ओलांडली. डॉक्टरांनीही पाहिलं. खुर्ची मागे सरकवली. पुण्याला जाणं राहिलं.

शकुबाईने काच मळली समजून पदराने पुसली होती. बोटं लाल झाली म्हणून हसत होती. निघत नाही म्हणे, साबणानेसुद्धा.

१७ डिसेंबर

शकुबाईने आज पेला पदराशिवाय आणला. म्हणाली, "चा गार झालाय जनू."

वाफ निघत होती.

१९ डिसेंबर

डॉक्टर आले नाहीत. काच कपाटात. कपाटाच्या दारावर लाल —

अश्विनीला फोन केला, येऊ नका म्हटलं. नुसती बोटं बधिर झालीत ना आई, म्हणाली, आम्ही आलो की बरं वाटेल. श्रेया मागून ओरडत होती.

काय सांगू तिला? काच वाढते म्हणून?

२२ डिसेंबर

पेन दिसतं, म्हणून धरलेलं आहे हे कळतं. तळवे लाल. मी रंगाला हात लावलेला नाही.

२४ डिसेंबर

आळेफाट्याहून अश्विनीचा फोन. गाडी तिथे थांबलीय. आता कुठे परतवू त्यांना?

हातमोजे घालायचे आहेत. बोटं आत जात नाहीत. दाराला कडी घालायला हवी, हे लिहून झालं की —

जिन्यावर अश्विनी. बॅग जड आहे म्हणतेय. पुढे पळू नको, असं कुणाला तरी —

डावा हात खुर्चीखाली लोंबतोय. आत्ता खाली पाहिलं. श्रेयाची बोटं त्यात आहेत. केव्हापासून — तिने केव्हा धर —