सुभद्राबाईचे सात मिनिटं

१७ जानेवारी, शुक्रवार

कापला! रिटायर होऊन नऊ वर्षं झाले, सदुसष्टी उलटली, अन् आज पुन्हा पिक्चर कापला मी!

आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासाठी आमची अमरावतीची, राजापेठची जुनी टॉकीज भाड्यानं घेतली. तिथली मशीनरूम माह्याशिवाय कोणाले समजत नाही, म्हणून कॉलेजच्या गौरांग सरांनी मले बोलावलं. आता रिळं नाहीत, लॅपटॉप आहे. तरी बोलावलं, म्हणून गडी खूश!

दुपारी एकचा पिक्चर. त्याच्या आधी सत्कार. शाल, श्रीफळ, अन् ज्याले माईक दिला तो सोडाले तयार नाही. पंधरा मिनिटं तिथंच गेले. गौरांग सर धावत वर आले. "काका, तीनचा शो तीनलाच लागला पाहिजे. बाहेरचे पाहुणे आहेत. काहीतरी करून बसवा वेळेत!"

'काहीतरी करून' म्हटलं की मले एकच येते. जुन्या काळी लोकांची नांदगाव खंडेश्वरची शेवटची यष्टी चुकू नये म्हणून मी एखादं गाणं उडवायचो. लोकं आशीर्वाद देत. कोण विचारते दिग्दर्शकाले!

सकाळी हा पिक्चर मी पळवून पाहिला होता, आवाज बंद करून. नेहमीची पद्धत. मधात एक म्हातारी सुपात तूर घेऊन बसते. निवडते. सात मिनिटं नुसती निवडतेच! तोंड हलत होतं बाईचं, खाली इंग्रजी अक्षरं पळत होते, पण घडत तर काहीच नव्हतं. बटण दाबलं, म्हातारी गायब. तीनचा शो तीनले!

हे सारं ऐटीत लिहिलं, पण खरं ते पुढंच आहे. शो सुटल्यावर खाली उतरलो. दारात वीस-बावीस माणसं, दोन गाड्या करून आलेले. एक पांढरी टोपीवाला गौरांग सरांले विचारून राहिला, "आमचं माणूस कुठी हाये पिक्चरात? जर्मनीची बाई आठ दिवस घरी राहून गेली, शूटिंग करून गेली!" त्याच्या मागं त्याची बायको. नवं लुगडं, हातात पिशवी, मान खाली.

तीच! सुपातली!

टोपीवाले नत्थुजी. बायको सुभद्राबाई. गाव नांदगाव खंडेश्वर. माह्याच यष्टीचं गाव! सोबतचा एक पोट्टा हसून म्हणे, "काकी, तुमी पडद्याच्या मांगं होत्या का वं?" त्या एवढंच म्हणाल्या, "चला नं आता."

गौरांग सर म्हणाले, "दिग्दर्शिकेने एडिटिंगमध्ये काढलं असेल हो." मी बाजूलेच उभा. तोंड उघडलं नाही.

१८ जानेवारी

जेवण गेलं नाही. बायकोले, कुंदाले म्हटलं, ॲसिडिटी.

१९ जानेवारी, रविवार

गौरांग सरांचा फोन. दिग्दर्शिका जुईली — मूळची पुण्याची, आता जर्मनीत राहते. नत्थुजीनं तिले फोन करून लय बोललं म्हणे. "आमच्या घरचं खाल्लं अन् आमालेच फसवलं!" पोरगी फोनवर रडली. म्हणे, मी एक सेकंद काढलेला नाही, सुभद्राताई तर माझ्या सिनेमाचा जीव आहेत.

"काका, फाईल नीट चालली होती ना?"

"हो," म्हटलं मी. हो म्हटलं! चाळीस वर्षं मशीन चालवली, कोणाचा नट-बोल्ट चोरला नाही. अन् आता असं धडधडीत खोटं. तिकडं ती पोरगी माह्यापायी शिव्या खाते, इकडं मी सरांकडून मानधनाचं पाकीट अन् गुलाबाचं फूल घेऊन आलो. ते फूल कुंदानं देवापुढं ठेवलं. मले तिकडं पाहवत नाही.

२१ जानेवारी

शेवटी कुंदाले सांगितलं. वाटलं, म्हणेल जाऊ द्या.

कसलं! "तुमाले दुसऱ्याचं काही लांबलं की सहनच होत नाही. मी बोलाले लागली तरी मधातून उठता. त्या बाईनं नवं लुगडं नेसलं होतं म्हणता नं? मंग जा अन् सांगा तिले. पाय धरा."

मी मधातून उठलो होतो, हे नंतर ध्यानात आलं.

२३ जानेवारी, गुरुवार

गेलो. यष्टीत तीनदा वाटलं, उतरावं अन् वापस जावं.

नत्थुजी ओट्यावरच भेटले. सारं सांगितलं — सत्कार, बटण, खोटं, सगळं. मले वाटलं, हा माणूस आता कानाखाली देते. पण त्यानं मांडीवर थाप मारली! "म्हन्जे हाये ते पिक्चरात! अवं आयकलं का? तू हाये पिक्चरात!"

सुभद्राबाई चहा घेऊन आल्या. मी हात जोडले. म्हटलं, वहिनी, चूक माही आहे. २ फेब्रुवारीले अकोल्याले हाच पिक्चर पुन्हा आहे. पूर्ण दाखवतो. माहा शब्द.

"राहू द्या नं भाऊ," त्या म्हणाल्या. "झालं ते झालं."

किती मोठ्या मनाची बाई! मले तर रडूच आलं. मी म्हटलं, नाही, तुमी यायचंच. त्या पुन्हा म्हणाल्या, "काय करता आता... राहू द्या." नत्थुजी म्हणे, "तिले काय इचारता! ते असंच म्हन्ते. या डाव सारं गाव आनतो मी!"

जुईलीले त्यांनी माह्यासमोरच फोन लावला, माफी मागितली. मी बी मागितली. येताना यष्टीत खिडकीजवळ मस्त झोप लागली, सहा दिवसांनी.

२४ जानेवारी

गौरांग सरांले सांगितलं. ते म्हणाले, "अकोल्याचा शो तुम्हीच चालवा काका."

२ फेब्रुवारी, रविवार

अकोला. घरी आलो तं कुंदानं विचारलं, कसं झालं. मी आंघोळीले गेलो.

तीन गाड्या आल्या होत्या. हॉल गच्च. नत्थुजी मधोमध, शेजारी सुभद्राबाई. पिक्चर लावला, मशीन तिथल्या माणसाच्या हवाली केली अन् खाली येऊन भिंतीले टेकून उभा राहिलो. ते सात मिनिटं मी ऐकलेच नव्हते आतापर्यंत. ऑपरेटरले ऐकाचं काय काम!

सूप आलं. शिट्ट्या, टाळ्या! "आली आली!" नत्थुजी तर अर्धे उठलेच.

अन् त्या बोलाले लागल्या, तूर निवडता निवडता. जवळच्या माणसाले सांगावं तशा.

"मले काय आवडते म्हन्ता? आता कोनी इचारलंच नाही, तं कसं सांगू बाई? चाळीस वर्षं झाले. ह्या मानसानं एक डाव म्हटलं नाही, सुभद्रा, तू जेवली का म्हून. मारलं नाही, खोटं काहून बोलू. पन पाह्यलं बी नाही. एक डाव म्या घर सोडलं होतं. लेकरू कडेवर घेतलं, फाट्यावर जाऊन बसली. यष्टी आली, गेली. दुसरी आली, थे बी गेली. कुठी जाव? वापस आली. त्याईले मालूमच नाही! भाकरीले उशीर झाला म्हून वरडले, बस."

मंग खडा काढून फेकला, अन् हसल्या. "कोनाले सांगू नका बरं. तुमच्या जर्मनीत पाह्यतीन ते पाह्यतीन, गावात कोन पाह्यते?"

सारं गाव बसलं होतं तिथं. सुना, जावा, शेजारी. नत्थुजीनं टोपी काढली अन् मांडीवर धरून बसले. शेवटपर्यंत घातली नाही. सुभद्राबाई पडद्याकडं पाहतच नव्हत्या.

माहा हात बटण शोधत होता. खिशात, भिंतीवर, उगाच. बटण वर होतं.

३ फेब्रुवारी

कालचं एक लिहाचं राहिलं. लिहवत नव्हतं.

गाडीत चढता चढता त्या माह्याजवळ थांबल्या. रागावल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "अमरावतीले तुमी थे कापलं, तवा म्या घरी जाऊन देवापुढं साखर ठेवली होती भाऊ. मंग आता काहून दाखवलं?"